‘जयभीम१२३’ ही निष्ठा आहे, पासवर्ड नाही

“आपल्याला काय लपवायचे आहे? आपण काय चोर आहोत का?”

संगणकाच्या आणि मोबाईलच्या सुरक्षेचा विषय चळवळीच्या बैठकीत निघाला की हे वाक्य ठरलेले. बोलणारा कार्यकर्ता प्रामाणिक असतो. मोर्चात लाठी खाल्लेला असतो. त्याच्या धैर्याबद्दल आम्हाला तीळमात्र शंका नाही. पण हे वाक्य आंबेडकरवादी नाही असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का नाही हेच येथे मांडायचे आहे.

१९४७ साली बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. राज्य समाजवाद, शेतीचे राष्ट्रीयीकरण, स्वतंत्र मतदारसंघ यांसाठी आपण ते उघडतो, त्यावर भाषणे देतो. त्याच निवेदनातल्या मूलभूत हक्कांमध्ये एक कलम आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याची कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होता कामा नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये, असे ते कलम सांगते. संविधानाच्या अंतिम मसुद्यात ही तरतूद आली नाही. तब्बल ७० वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले.

आता सांगा, बाबासाहेबांना काय लपवायचे होते?

त्यांना लपवायचे काहीच नव्हते. त्यांना माहीत होते की या देशात कोणाच्या घराची झडती आधी होते. गावात चोरी झाली की पहिली थाप कोणत्या वस्तीतल्या दारावर पडते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला खासगीपणाच्या हक्काची फारशी गरज पडत नाही, त्याचे दार सहसा कोणी ठोठावत नाही. हा हक्क लागतो तो आपल्याला. तोच आपण ‘लपवायचे काय’ म्हणत हसून सोडून देतो.

माहिती तुमची नाही, लोकांची आहे

कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये काय असते? अत्याचाराच्या घटनेनंतर घेतलेला पीडित कुटुंबाचा जबाब. साक्षीदारांचे नंबर. एफआयआरची प्रत. वस्तीतल्या बायकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचे रेकॉर्डिंग. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांनी पाठवलेले आधार, जातीचा दाखला, जात पडताळणी, बँकेचे पासबुक. वकिलाशी झालेले बोलणे. देणगीदारांची यादी.

यातले तुमचे किती? जवळपास काहीच नाही. हे सारे लोकांनी तुमच्याकडे ठेवायला दिलेले आहे. म्हणून ‘माझा फोन कोणीही बघावा, मी घाबरत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तुम्ही घाबरत नसाल. पण ज्या साक्षीदाराला त्याच गावात, आरोपीच्या शेताशेजारी राहायचे आहे, त्याला घाबरण्याचे पुरेपूर कारण आहे. आपल्या शौर्याची किंमत त्याने का चुकवावी?

इथे एक कडू गोष्ट बोलून टाकू. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव आणि फोटो फिरवण्यात आपलेच ग्रुप पुढे असतात. संताप खरा असतो, हेतू न्यायाचा असतो. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अशा पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदाही तेच सांगतो. एकदा फॉरवर्ड झालेला फोटो परत बोलावता येत नाही. ती मुलगी पुढे कॉलेजात जाते, नोकरीला लागते, आणि तो फोटो तिच्या मागे फिरत राहतो. तिच्यासाठी मोर्चा काढणाऱ्यांनीच तो पसरवला, याला काय म्हणायचे?

एकच प्रत असली की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

डेटा सुरक्षा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हॅकर येतो. पण माहिती चोरीला जाण्याइतकीच ती नष्ट होणेही घातक असते. आपल्या इतिहासात तर हा घाव फार जुना आहे. १९२० साली सुरू झालेल्या ‘मूकनायक’चे सगळे अंक आज आपल्या हाती नाहीत. बाबासाहेबांची कित्येक हस्तलिखिते त्यांच्या परिनिर्वाणानंतर वर्षानुवर्षे अप्रकाशित पडून होती. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड काढला तो १९७९ साली, आणि पुढच्या खंडांत काही लेखन अपूर्ण, पाने गहाळ अशाच अवस्थेत छापावे लागले. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त करण्यात आले. लाखोंचा मोर्चा निघाला. पण पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते, ढिगाऱ्याखाली गेलेला कागद पुन्हा लिहिता येत नाही.

आणि आज आपण काय करतो? वीस वर्षांच्या सभांचे फोटो, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती, जुन्या स्मरणिकांचे स्कॅन, हे सारे एका माणसाच्या एका लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप बंद पडला की आपला इतिहास दुरुस्तीच्या दुकानात. जिने आपला इतिहास नोंदवलाच नाही त्या व्यवस्थेवर आपण टीका करतो. ती केलीच पाहिजे. पण आपणच गोळा केलेला इतिहास एका हार्ड डिस्कवर टांगून ठेवायचा, ही कोणती जागृती?

यावरचा नियम अगदी सोपा आहे. प्रती तीन. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर. त्यातली एक दुसऱ्या जागी. म्हणजे एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या विश्वासू साथीकडे किंवा क्लाऊडवर. हार्ड डिस्क काम झाले की काढून ठेवायची. कायम जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक असेच बंद पाडले आणि फायली सोडवण्यासाठी खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केले ते वाचले. ‘नंतर करू’ म्हणणारे अडकले.

ईमेलमधून आलेली एक फाईल

भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ पासून अटका झाल्या. ज्या पत्रांच्या आधारावर आरोपांची मोठी इमारत उभी राहिली, ती पत्रे रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये सापडल्याचे तपास यंत्रणेने सांगितले. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक संस्थेने त्या लॅपटॉपची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेला तिचा अहवाल प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे.

अहवाल म्हणतो : १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून एक फाईल आली. ती उघडा, असा आग्रह झाला. फाईल उघडली गेली आणि मागच्या मागे ‘नेटवायर’ नावाचे मालवेअर लॅपटॉपमध्ये शिरले. त्यानंतर सुमारे २२ महिने दूर बसलेला कोणीतरी त्या लॅपटॉपवर नजर ठेवून होता. त्याने एक लपवलेले फोल्डर तयार केले आणि त्यात पत्रे आणून टाकली. ती पत्रे त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण सापडली नाही. पत्रे वर्डच्या ज्या आवृत्तीत बनली होती, ती आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच. पुढे याच संस्थेने सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबाबतही अशाच घुसखोरीचे अहवाल दिले. स्टॅन स्वामी यांच्याबाबतचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. तोपर्यंत ते कोठडीतच गेले होते, ५ जुलै २०२१ रोजी.

राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत, आणि अंतिम निवाडा न्यायालयाचा आहे. पण आपण यातून काय घ्यायचे? सेंटिनलवन या सायबर सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये अशा हल्ल्यांमागच्या टोळीचा माग काढला. ती भारतातले कार्यकर्ते, वकील आणि प्राध्यापक यांना निदान २०१२ पासून लक्ष्य करत असल्याचे तिने म्हटले. आणि हत्यार कोणते? ईमेलला जोडलेली फाईल आणि बाजारात सहज मिळणारे मालवेअर. ज्याला अडवणे आपल्या हाती होते असे हत्यार.

कोणी म्हणेल, पेगॅससपुढे काय करणार? खरे आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केले की पेगॅससद्वारे जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आले. त्यात आनंद तेलतुंबडे यांच्यासारखे विचारवंत होते, भीमा कोरेगाव प्रकरणातले वकील होते. नुसता व्हिडिओ कॉल यायचा. तो उचलायचीही गरज नव्हती. अशा हत्यारापुढे सामान्य माणसाची खबरदारी अपुरी पडते, हे मान्य. पण त्या फटीवरची दुरुस्तीही अपडेटमधूनच आली. शिवाय पेगॅसस महागडे आहे, ते निवडक लोकांवर चालते. तालुक्यातल्या कार्यकर्त्यावर कोणी ते खर्च करत नाही. त्याची गरजही नाही, कारण त्याचा पासवर्ड ‘जयभीम१२३’ असतो.

कुलूप उघडणारी आपलीच किल्ली

जयभीम१२३. जयभीम१४०४. १४०४१८९१. भीमा१८१८. नमोबुद्धाय आणि पुढे जन्मसाल. आपल्या पोरांचे पासवर्ड असेच असतात, आणि हे आपल्या विरोधकालाही ठाऊक आहे. पासवर्ड हा अभिमान मिरवायची जागा नाही. अभिमान गाडीवर लिहा, घरावर लिहा, छातीवर लिहा. पासवर्ड असा हवा की तुमच्या सख्ख्या भावालाही सुचू नये.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. उखळ, तिकीट, शेवगा, पाटबंधारे, सतरा. ते रोमन अक्षरांत सलग टाईप करा. लांब पासवर्ड छोट्या, अवघड चिन्हांच्या पासवर्डपेक्षा फोडायला कठीण असतो आणि लक्षातही राहतो. (वरचा उचलू नका, तो आता सगळ्यांनी वाचला आहे.) प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड द्या. लक्षात राहत नसतील तर बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी यांसारखे मोफत पासवर्ड मॅनेजर आहेत. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, कारण ईमेल हाती आला की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये सहा अंकी पिन लावा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहा, तुमचे व्हॉट्सॲप आणखी कुठल्या संगणकावर उघडे आहे का ते तिथे दिसते. सायबर कॅफेत लॉगिन करून तसेच निघून आलेले आपल्यात किती आहेत?

सायबर कॅफेवरून आठवले. महाडीबीटीचा अर्ज भरताना आपली मुले युजरनेम, पासवर्ड आणि ओटीपी, सगळे कॅफेवाल्याच्या हाती देतात. दाखल्यांचे स्कॅन त्याच्या डेस्कटॉपवर वर्षभर पडून राहतात. तो माणूस भला असेल. पण त्याच्या संगणकावर दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह लागतात. आपली कागदपत्रे डिजीलॉकरमध्ये ठेवा, अर्ज स्वतः भरा, निघताना डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करा.

जयंती जवळ आली की बॅनर, पत्रके, डीटीपी यांची धावपळ सुरू होते. डिझाईनचे सॉफ्टवेअर क्रॅक केलेले, विंडोजही क्रॅक केलेले. क्रॅक टाकताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. पहारेकऱ्याला झोपवून जो घरात शिरतो तो पाहुणा नसतो. पैसे नाहीत हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, लिनक्स आहे, लिबरऑफिस आहे, इंकस्केप आहे, मराठी युनिकोड फाँट आहेत. सगळे मोफत, सगळे कायदेशीर.

आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘.एपीके’ फायली. कधी लग्नपत्रिका, कधी ई-चलान, कधी सरकारी योजना. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. पत्रिका उघडायला ॲप कशाला बसवावे लागेल? उद्या ‘बाबासाहेबांचे सर्व खंड मोफत’ असे नाव देऊन कोणी एपीके पाठवली तर आपण ती डोळे झाकून उघडू. श्रद्धेच्या नावावर फसवणे हा धंदा या देशात जुना आहे. फक्त त्याची पोथी आता डिजिटल झाली.

नवी भटशाही आपल्याच घरात

सगळ्यात मोठा धोका आम्हाला मालवेअरचा वाटत नाही. संघटनेतल्या ‘त्या एका पोराचा’ वाटतो. फेसबुक पेज त्याच्याकडे. यूट्यूब चॅनेल त्याच्याकडे. ईमेल त्याच्या नंबरवर. सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात. तो रुसला, दुसऱ्या पक्षात गेला, नोकरीसाठी पुण्याला गेला, की संघटना मुकी.

दोष त्याचा नाही. त्याने रात्री जागून काम केले. दोष बाकीच्यांचा, ज्यांनी ‘ते कॉम्प्युटरचे तू बघ’ म्हणून हात झटकले. ज्ञान एकाच्या हाती ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचे, या रचनेविरुद्धच आपली सारी लढाई आहे. मंत्र पुरोहितालाच कळतात म्हणून आपण पुरोहित नाकारला. मग पासवर्डचा पुरोहित कसा चालतो? आणि संघटनेतल्या मुलींना, बायांना हे शिकवण्याची वेळ आली की ‘त्यांना काय जमणार’ हे कोण बोलते? मनूला हे ऐकून फार आनंद झाला असता.

खाती संघटनेच्या ईमेलवर उघडा. प्रत्येक खात्याला किमान तीन ॲडमिन ठेवा, त्यात एक तरी महिला साथी असू द्या. पद बदलले की पासवर्ड बदलायचा, हे लिखित ठरावात आणा.

‘शासनाला हवे असेल तर ते काढतेच’

हा शेवटचा आक्षेप, आणि तो हुशार लोकांकडून येतो. एवढी मोठी यंत्रणा, तिच्यापुढे आपण काय? आम्ही विचारतो, मग कोर्टात तरी का जाता? निवेदने का देता? यंत्रणा बलाढ्य आहे म्हणून आपला हक्क सोडून द्यायचा, ही शिकवण बाबासाहेबांची नाही.

हक्क वापरण्यासाठी तो माहीत हवा. उपकरण जप्त झाले तर पंचनाम्यात त्याचे वर्णन आणि क्रमांक नोंदवून घ्या, प्रत मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण व्हायला हवे. ‘हॅश व्हॅल्यू’ हा शब्द पाठ करा. तो फाईलचा किंवा डिस्कचा अंगठ्याचा ठसा असतो. आतले एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. जप्तीच्या वेळीच तो नोंदला गेला, तर नंतर आत काही घातले गेल्यास उघडे पडते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशची नोंद आहे. ती मागणे हा उद्धटपणा नाही, कायदा आहे. पोलिसांच्या कामात अडथळा आणू नका, पुरावा नष्ट करू नका, वकिलाला बोलवा आणि आपली मागणी लेखी द्या.

आणि रोजच्या चोरांसाठी १९३० हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा. खात्यातून पैसे गेले की पहिल्या तासातच फोन करायचा. लाजेने गप्प बसलात तर पैसे गेले म्हणून समजा.

आमचे मागणे थोडे आहे. येत्या महिन्यात प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक वाचनालयात एक रविवार यासाठी द्या. प्रत्येकाने आपला फोन काढावा, अपडेट करावा, पिन लावावा, पासवर्ड बदलावा. लॅपटॉपवाल्यांनी बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने डिस्क एन्क्रिप्ट करावी आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. संस्थेच्या फायलींच्या तीन प्रती कुठे आहेत ते वहीत लिहावे. पीडितांची कागदपत्रे ग्रुपवरून काढावीत आणि यापुढे ज्याला गरज आहे त्यालाच, सिग्नलवर, ठराविक मुदतीनंतर पुसले जाणारे संदेश लावून पाठवावीत. जो शिकला त्याने पुढच्या रविवारी शेजारच्या वस्तीत जाऊन शिकवावे. मानधन नको, प्रमाणपत्र नको, सत्कार तर अजिबात नको.

आणि पुढच्या बैठकीत कोणी म्हणाले ‘आपल्याला काय लपवायचे?’ तर त्याला शांतपणे विचारा : “दादा, तुमच्या फोनमध्ये त्या साक्षीदाराचा नंबर आहे ना? मग आधी फोनला पिन लावा.”

जयभीम.